अठ्ठेचाळीस व्होल्ट

गेल्या गणपतीत माझ्या धाकट्या भावाला दुबईत घरची आरती दिसली, पण ऐकू आली नाही.

मखरासमोर पाटावर तांब्या आणि तांब्याला टेकवून ठेवलेला आईचा मोबाइल. माजघरात आम्ही पंधरा-वीस माणसं, चार जोड झांजा, एक ढोलकी, आणि घंटा बडवायला शेजारचा सहा वर्षांचा मुलगा. पलीकडे भाऊ डोक्यावर रुमाल टाकून आपल्या खोलीत हात जोडून उभा. दुसरं कडवं संपता संपता तो ओरडला, "ताई, अगं टाळ वाजवा ना! नुसते हात काय हलवताय?" इकडे आमच्या कानठळ्या बसत होत्या. तिकडे त्याला तुटक तुटक शब्द, मध्येच आईचा आवाज, मग शांतता, मग कुणाची तरी अर्धी ओळ. मंत्रपुष्पांजली मात्र त्याला स्वच्छ ऐकू गेली. तेव्हा झांजा खाली ठेवलेल्या होत्या.

प्रसाद वाटताना चुलतभावाच्या मुलानं उलगडा केला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायचं आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकायचा, असं त्या अ‍ॅपला शिकवलेलं असतं. पंखा, मिक्सर, कुत्र्याचं भुंकणं, रस्त्यावरचे हॉर्न. झांज त्याच्या लेखी मिक्सरच. आई खोबऱ्याचे तुकडे वाटता वाटता थांबली आणि म्हणाली, "मग त्याला सांग ना, ही आरती आहे म्हणून."

कुणाला सांगायचं? तिनं सहज विचारलं होतं, पण मला तो प्रश्न पुढे बरेच दिवस पुरला.

*

आमचं गाव दापोली तालुक्यात. दापोली, मंडणगड, खेड या पट्ट्यात ज्या गावातलं कुणी आखातात नाही असं गाव शोधावं लागेल. मुंबईचे चाकरमानी वेगळे. त्यामुळे फोनचं महत्त्व शहरापेक्षा आम्हाला आधी कळलं, आणि फोन मात्र शहराच्या कितीतरी नंतर आला.

माझ्या लहानपणी फोन म्हणजे पोस्ट ऑफिस. ट्रंक कॉल बुक करायचा आणि बाकावर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे त्याचे वर्ग असत, जशी घाई तसा दर. 'पीपी' कॉल लावला तर ठरावीक माणूसच फोनवर आला पाहिजे. तो नसेल तर बोलणं सुरू होत नसे. मुंबईच्या नातेवाइकांच्या पत्त्यापुढेही 'पीपी' लिहिलेलं असायचं, पण तो पीपी निराळा. त्याचा अर्थ, फोन शेजारच्यांचा आहे, बेतानं करा. ऑपरेटरला गावातली लग्नं ठरण्याआधी कळत. खासगीपणाबद्दल हल्ली जेव्हा कुणी तावातावानं बोलतं, तेव्हा मला ते पोस्टातले मास्तर आठवतात. ऐकायचे सगळं, पण बाहेर काढायचे नाहीत.

ऑपरेटरविना थेट नंबर फिरवून परगावी बोलायची सोय, म्हणजे एसटीडी, देशात प्रथम लखनऊ आणि कानपूर यांच्यामध्ये १९६० साली झाली. आमच्या बाजारात ती यायला आणखी जवळजवळ तीस वर्षं जावी लागली. १९८४ साली सी-डॉट निघालं, सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं खेड्यातल्या धुळीत आणि उकाड्यात टिकतील अशी छोटी एक्सचेंजं देशातच तयार झाली, आणि पिवळ्या पाट्यांचे बूथ गावोगाव उभे राहिले. काचेची खोली, आत कुबट वास, डोक्यावर लाल आकड्यांचा मीटर. रात्री अकरानंतर पाव दर लागत असे, म्हणून साडेदहापासून रांग. मीटरचा आकडा पुढे सरकला की माणसं बोलणं सोडून तिकडे बघत. कितीतरी वाक्यं त्या लाल आकड्यांनी अर्ध्यावर तोडली असतील.

भाऊ दुबईला गेला १९९८ साली. आमच्या घरी तोवर काळा फोन आलेला होता. तिकडून इकडे बोलायला मिनिटाला दोन दिरहॅमच्या वर पडत, असं तो सांगतो. दर दुसऱ्या शुक्रवारी त्याचा फोन यायचा, कारण तिकडे तेव्हा सुट्टी शुक्रवारची. बाबा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आधी मुद्दे लिहून ठेवत. त्यातला एक कागद आईनं जपून ठेवलाय: 'प्रकृती. ड्राफ्ट पोचला. सुपारीचा भाव. विहिरीचा पंप. ताईचं स्थळ.' समोर बरोबरच्या खुणा. चार मिनिटांत पाच मुद्दे आणि शेवटी रिसीव्हर आईकडे. आई रिसीव्हर कानाला लावून रडायची, आणि ते रडणं दोन दिरहॅमच्या भावानं चाललंय हे तिघांनाही माहीत असायचं.

आता तो दिवसातून दोनदा फोन करतो. सकाळी आईनं चहा टाकला की आणि रात्री तो खोलीवर परतला की. पहिला प्रश्न "जेवलीस का?" दुसरा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. मोबाइल फडताळाला टेकवलेला असतो, आई भाजी निवडत असते, तो कपड्यांना इस्त्री करत असतो. अर्धा-अर्धा तास कुणी काही बोलत नाही. मध्येच आई म्हणते, "मांजर आलं बघ." तो म्हणतो, "हं."

इंटरनेटवरच्या फोनचे फायदे विचारले तर लोक पैशांचा हिशेब सांगतात. माझ्या मते त्यानं दिलेली खरी चैन ही आहे: परदेशातल्या माणसाबरोबर न बोलता बसता येणं. मिनिटावर पैसे मोजणाऱ्या फोनला ते कधीच परवडलं नसतं.

*

गंमत अशी, की ती शांततासुद्धा तिकडून आलेली नसते.

जुन्या पद्धतीच्या फोनमध्ये तुम्ही बोलायला लागलात की दोन टोकांमधली एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जाई. बोला नाहीतर गप्प बसा, वाट तुमचीच. त्या राखून ठेवण्याचेच पैसे. इंटरनेटवर वाट कुणाचीच नसते. आवाजाचे बारीक तुकडे करतात, साधारण एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकडा पाकिटात घालतात, त्यावर पत्ता आणि अनुक्रमांक टाकतात आणि गर्दीत सोडून देतात. हा पत्ता-बित्ता मिळून चाळीस बाइट होतो आणि आत भरलेला आवाज पुष्कळदा तेवढाच, म्हणजे पत्राइतकंच पाकीट जड. पाकिटं आपापल्या वाटेनं येतात. काही उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. पलीकडचा फोन ती थोडी साठवून, नंबर लावून, मग वाजवतो. एखादं आलंच नाही तर आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून तेवढी जागा भरून काढतो. आईचा आवाज जरा घोगरा, ताणल्यासारखा वाटला, तर तिला सर्दी झालेली नसते. मधला तुकडा यंत्रानं आपल्या मनानं घातलेला असतो.

आणि कुणी बोलतच नसेल, तर बरीच यंत्रं पाकिटं पाठवणं थांबवतात. कशाला उगाच जागा अडवायची? पण मग ऐकणाऱ्याच्या कानात ठार शांतता होते, आणि माणसाला वाटतं फोन कट झाला. म्हणून ऐकणाऱ्याचाच फोन एक हलकी खरखर तयार करून त्याला ऐकवतो. तिला तांत्रिक भाषेत 'कम्फर्ट नॉइज' म्हणतात. दिलाशाची खरखर म्हणू या. भाऊ गप्प असताना आईला ऐकू येते ती कधीकधी दुबईची शांतता नसतेच. ती तिच्याच हातातल्या मोबाइलनं तिच्यासाठी केलेली असते. हे मी तिला सांगितलेलं नाही.

उशिराचीही एक मर्यादा असते. एका बाजूनं निघालेला शब्द दुसऱ्या बाजूला सेकंदाच्या दीडशे हजारांश भागात पोचला तर बोलणं नैसर्गिक वाटतं, हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं घालून दिलेला अंदाज. चारशेच्या पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग "तू बोल", "नाही, तू बोल" सुरू होतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून कॅलिफोर्निया तेरा हजार किलोमीटरच्या पुढे, म्हणजे वाटेत कुठेही न थांबता, नाकासमोर गेला तरी पासष्ट भाग प्रवासातच संपले.

बोलण्यात हे खपून जातं, गाण्यात नाही. पुण्यातल्या माझ्या एका गायिका मैत्रिणीच्या निम्म्या विद्यार्थिनी अमेरिकेत आहेत. करोनाच्या काळात तिनं ऑनलाइन शिकवणी सुरू केली तेव्हा पहिल्याच दिवशी तिचा तानपुरा पलीकडे पोचेना. एकाच सुरात अखंड वाजणारी गोष्ट म्हणजे पंखा, असं यंत्राचं मत. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची एक सोय आहे, ती चालू केली की ही गाळणी बंद होते, हे तिला महिन्याभरानं कळलं. तरीही एकत्र गाणं नाहीच. ताल धरायचा तर दोघींची सम दोन ठिकाणी पडते. "मी गाते, मग ती गाते," मैत्रीण म्हणाली, "सोबत असं काही नाही. दोन खोल्यांत दोन गाणी."

*

आवाजाची पाकिटं करून पाठवायची कल्पना काही व्हॉट्सअ‍ॅपची नाही. अमेरिकेतल्या अर्पानेट या संशोधनाच्या जाळ्यावर १९७४ साली ती चालवून पाहिली होती. बाजारात आली ती १९९५ च्या फेब्रुवारीत, व्होकलटेक या इस्रायली कंपनीच्या 'इंटरनेट फोन'मधून. आपल्याकडे १ एप्रिल २००२ पर्यंत असं बोलणं कायद्यानं बंद होतं; परदेशी फोनवर व्हीएसएनएलची मक्तेदारी होती, तीही त्याच दिवशी संपली. २००३ च्या ऑगस्टमध्ये स्काइप आलं. पुण्याच्या सोसायट्यांमधून मुलांच्या रिकाम्या खोल्यांत कॉम्प्युटर बसले, आईवडील हेडफोन लावून एका स्टुलावर दोघं बसायला शिकले, आणि कॅमेऱ्यात अर्धं कपाळ व छताचा पंखा दिसू लागला. ते स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता यायला लागलं, पुढच्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. मग स्टूल गेलं, हेडफोन गेला, 'मिस कॉल दे' गेलं. मिस कॉल ही आपली गरिबाची तार होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघ. ती अख्खी लिपी पाच वर्षांत विसरली गेली.

फोन कंपन्यांना हे फुकट बोलणं अर्थातच रुचलं नव्हतं. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलनं इंटरनेटवरून बोलायला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. त्यातूनच नेट न्यूट्रॅलिटीचं आंदोलन पेटलं, ट्रायकडे लाखो ई-मेल गेले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेटासाठी मजकुरागणिक वेगवेगळा दर लावायला ट्रायनं मनाई केली. मीही एक ई-मेल पाठवला होता. कंपन्यांचं म्हणणं असं होतं, की परवान्याचं शुल्क आम्ही भरायचं, स्पेक्ट्रम आम्ही विकत घ्यायचा, पोलीस-अँब्युलन्सचा नंबर लागेल याची हमी आम्ही द्यायची, आणि बोलणं मात्र दुसऱ्यांच्या अ‍ॅपवरून. तेव्हा हे रडगाणं वाटलं होतं. त्यातल्या तिसऱ्या मुद्द्यापाशी मी नंतर थांबले.

*

दुबईत मात्र फुकट बोलणं कधीच फुकट झालं नाही.

संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा द्यायला सरकारी परवाना लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवता येतो, फोटो पाठवता येतो, फोन लावता येत नाही. २०१८ च्या जानेवारीत तिथे बोटिमसारखी दोन अ‍ॅपं मंजूर होऊन महिन्याचं पॅकेज निघालं: मोबाइलवर पन्नास दिरहॅम, घरच्या ब्रॉडबँडवर शंभर. व्हीपीएन लावून आडवाटेनं बोलणारे असतात. पण गुन्हा करायला किंवा तो लपवायला व्हीपीएन वापरलं तर पाच लाखांपासून वीस लाख दिरहॅमपर्यंत दंड आहे. आरतीच्या वेळी वापरलेलं अ‍ॅप म्हणूनच भावाच्या पसंतीचं नव्हतं; ते चालतं म्हणून वापरलं.

त्याआधीच्या काळात आईला एक कोडं पडायचं. भाऊ दुबईहून बोलतोय, आणि फोनवर नंबर दिसतोय कुठला तरी भारतातला. तिला वाटे, तो न सांगता मुंबईत उतरलाय. दोनदा तिनं त्याच्यासाठी मासे आणायला माणूस पाठवला होता. प्रकार असा होता: स्वस्त कॉलिंग कार्डवाले तिकडचा आवाज इंटरनेटवरून भारतात आणत, इथे कुठल्या तरी खोलीत दहा-वीस सिमकार्डं खुपसलेलं एक खोकं असे, आणि त्यातलं एक सिम तुम्हाला साधा लोकल फोन लावी. परदेशी फोन उतरवून घेण्याचे पैसे वाचले. याला सिम बॉक्स म्हणतात. तो बेकायदा आहे, आणि अशी चोरटी एक्सचेंजं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. आपल्या घरातली कित्येक वर्षांची ख्यालीखुशाली कुणाच्या तरी चोरट्या खोक्यातून आलीय, हे कळल्यावर मला विचित्र वाटलं. भावाला काहीच वाटलं नाही. "ताई, तीन रुपयांत बोलायला मिळत होतं," एवढंच म्हणाला.

तेच खोकं आणि तीच युक्ती पुढे दुसऱ्यांच्या हाती पडली. इंटरनेटवरून निघालेल्या फोनला आपला नंबर म्हणून वाटेल तो आकडा दाखवता येतो. परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर धारण केलेले फोन अडवण्यासाठी दूरसंचार विभागानं २२ ऑक्टोबर २०२४ रोजी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत एक कोटी पस्तीस लाख फोन अडवले गेले. त्याच आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये 'डिजिटल अरेस्ट'बद्दल बोलावं लागलं. आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका दोन तास अशा 'अटके'त होत्या. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागे भिंतीवर फोटो, "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी बेल वाजवली, आत आल्या, मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "बाई, हा कोण मेला?" आणि त्यांनीच तो बंद केला. शिक्षिकाबाई मला नंतर म्हणाल्या, की नुसता आवाज असता तर मी फोन ठेवला असता. चेहरा दिसला म्हणून उठवेना. लुबाडणूक झाली तर १९३० वर तक्रार करायची असते. तो नंबर त्यांनी आता फ्रिजवर चिकटवलाय.

खासगीपणाच्या बाबतीत मात्र निवाडा इतका सरळ नाही. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतं, मधल्या कुणाला, खुद्द कंपनीलाही ते ऐकता येत नाही. साधा फोन सरकारी आदेशानं ऐकता येतो, तार कायद्यापासून, म्हणजे १८८५ पासून. या बाजूनं पाहिलं तर इंटरनेटचा फोन पोस्टातल्या मास्तरांपेक्षा कितीतरी भरवशाचा. पण २०१९ मध्ये उघडकीला आलं, की याच व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधल्या एका फटीतून पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरत होतं. फोन उचलायचीही गरज नव्हती, नुसती रिंग पुरे. जगभरात सुमारे चौदाशे माणसांवर तो प्रयोग झाला होता.

*

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, खाली आमच्या तालुक्यापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. मी पुण्यात, टाळेबंदी, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. आई गावात एकटी. सकाळी अकराला तिच्याशी व्हिडिओवर बोलले तेव्हा मागच्या माडाचं डोकं जमिनीला टेकून परत वर जात होतं. त्यानंतर चित्र गोठलं. आईचं तोंड अर्धवट उघडं, हात खिडकीकडे. ते गोठलेलं चित्र मी किती वेळ बघत बसले होते सांगता येणार नाही.

वीज गेली होती. टॉवरच्या बॅटऱ्या संध्याकाळपर्यंत संपल्या, डिझेल घेऊन जायला रस्ता नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपांपुढे एकच करडी खूण. भाऊ दुबईहून दर दहा मिनिटांनी मला विचारतोय, आणि आमच्या दोघांचा फोन उत्तम चाललाय, अगदी स्पष्ट, जणू शेजारच्या खोलीतून. फक्त विचारायचं ज्याच्याबद्दल ते घरच जगाच्या नकाशावरून पुसलं गेलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी मला एसएमएस आला. वाडीतला एक मुलगा सड्यावर चढून गेला होता, तिथे नेटवर्कची एक काडी मिळत होती. कॉल लागत नव्हता, इंटरनेटचा प्रश्नच नव्हता, पण एसएमएसला फार थोडी जागा लागते, तो निसटून जातो. त्यानं वाडीतल्या बावीस घरांचे निरोप पाठवले. आमचा होता: 'आई ठीक. कौलं गेली.' तार बंद होऊन सात वर्षं झाली होती. मजकूर मात्र तारेचाच होता.

आमच्या गावचे निवृत्त लाइनमन काका नंतर भेटले तेव्हा मी त्यांना म्हटलं, जुना काळा फोन धड असता तर ही वेळ आली नसती. त्यांनी मला खोट्या आठवणीत रमू दिलं नाही. "खांब पडल्यावर तांबं काय हवेत राहतं होय? तुमची लाइन पहिल्या तासात गेली." मग जरा थांबून म्हणाले, "पण बाजारात जिथवर केबल जमिनीखालून होती, तिथे टोन होता. एक्सचेंज चालू होतं ना."

का चालू होतं, ते त्यांनी समजावलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. एक्सचेंजमध्ये बॅटरीची वेगळी खोली असते. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, माणसाच्या कमरेएवढे, रांगेत. मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. ती वीज तांब्याच्या जोडीतून प्रत्येकाच्या घरापर्यंत जात असे. म्हणजे घरातली वीज गेली तरी फोन जिवंत, कारण फोनची वीज घरची नव्हतीच. "सकाळी आल्यावर पहिलं काम सेलमध्ये पाणी बघायचं," काका म्हणाले. "तुमच्या आईच्या फोनला टोन यावा म्हणून मी रोज पाणी घालत होतो, असं समजा." १९८ फिरवला की तक्रार नोंदली जाई, आणि फॉल्ट त्यांच्या डायरीत येई. ते वेळेवर येत असत असं मी म्हणणार नाही. कधी आठवडा लागे, कधी दिवाळीची पोस्त दिल्यावर उजाडे. पण आईला ठाऊक होतं, कुणाच्या दारात जाऊन भांडायचं ते.

२५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या ग्रहणाच्या दिवशी, भर दुपारी व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे दोन तास बंद पडलं. भाऊबीज दुसऱ्या दिवशी होती म्हणून बरं. वर्षभरापूर्वी ४ ऑक्टोबरलाही ते सहा तास बंद होतं. अशा वेळी १९८ नसतो. ११२ सुद्धा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पोलिसांना किंवा अँब्युलन्सला फोन लागत नाही, हे त्यांच्या अटींमध्येच लिहिलेलं आहे. ते वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

*

वादळानंतर आमच्या वाडीत तांब्याची लाइन पुन्हा ओढली गेली नाही. दोन वर्षांनी फायबर आला. केबलचं काम करणाऱ्या मुलानं एक पांढरा डबा भिंतीवर ठोकला, त्याच्या मागे आईच्या फोनची वायर खोचली. नंबर तोच. रिसीव्हर उचलला की टोनही तोच. आई खूश. "बघ, जुनं ते जुनंच," ती म्हणाली.

जुनं काहीच राहिलेलं नव्हतं. त्या डब्यातून निघणारा फोन पाकिटांचाच आहे, भावाच्या अ‍ॅपसारखा. एवढंच कशाला, फोर-जीवरचा साधा मोबाइल कॉलही आता पाकिटांचाच असतो. इंटरनेटचा फोन चांगला की साधा फोन, या वादात साधा फोन नावाची बाजूच फारशी उरलेली नाही. आणि तो टोन? पूर्वी तो एक्सचेंजमधून येत असे, पलीकडे कुणीतरी जागं आहे याची खूण म्हणून. आता डबाच तो घरच्या घरी वाजवतो, आपल्याला बरं वाटावं म्हणून.

हे आईला कळलं ते पहिल्या पावसात वीज गेल्यावर. तिनं अंधारात सवयीनं रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग मोबाइलवरून मला फोन करून म्हणाली, "अगं, लाइट गेला तर हा का गेला?"

मी केबलवाल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काकू, डब्याला एक छोटा यूपीएस मिळतो, बारा व्होल्टचा. घेऊन टाका." त्याच्या ऑफिसला विचारलं, तिथल्या माणसानं सांगितलं, घरची वीज ही ग्राहकाची जबाबदारी. बरोबरच आहे. भावानं दुबईहून पैसे पाठवले आणि पुस्तकाएवढी एक बॅटरी आली. ती आता देवघराशेजारच्या फळीवर, काडेपेटी आणि वातींच्या डब्याजवळ असते. चार तास चालते असं खोक्यावर लिहिलंय.

या आषाढात मी तिकडे होते. संध्याकाळी दिवे गेले. आईनं आधी समई सारखी केली, मग चाचपडत फोनपाशी गेली, रिसीव्हर उचलून कानाला लावला, क्षणभर ऐकलं.

"आहे," ती म्हणाली, आणि कुणालाही फोन न लावता ठेवून दिला.